दोन काठ्या आणि क्षितिज

वादळानंतर तेराव्या दिवशी फेरीबोट सुरू झाली
आणि डेल्मा गॅस्किल बेटावर परतली.
घर होतं. घराला जिना नव्हता.
जिन्यापुढची वाळूची टेकडी नव्हती.
टेकडीवरून समुद्राकडे उतरणारी फळ्यांची वाट
टेकडीवाचून हवेतच उभी होती,
बोलता बोलता पुढचं विसरलेल्या माणसासारखी.

शेजारचा अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, गेला किनारा.
ती म्हणाली, गेला नाही, बाहेर गेलाय.
आणि दोनशे पावलांवर बोट दाखवलं,
जिथे लाट विनाकारण आधीच फुटत होती.
तिथे, पाण्याखाली,
दोघांची अंगणं एकाच दांड्यात पडून होती.

तिच्याकडे बापाच्या दोन काठ्या आहेत,
पाच-पाच फुटी, इंचाइंचाला खुणा.
एक इथे धरायची, दुसरी दोरीभर पुढे, पाण्याकडे.
पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज
एका रेषेत आलं की
आपला डोळा आपल्या काठीवर जिथे असेल
तो आकडा वहीत.
एकटीचं काम नाही.
म्हणून अ‍ॅम्ब्रोजची नात लुएला, वय नऊ,
बाहीला नाक पुसत पुढची काठी धरते.

ऑक्टोबरचे आकडे वाईट.
नोव्हेंबरचे लिहिलेच नाहीत,
वहीला ओल आली होती, असं डेल्मा म्हणते.

डिसेंबरात कौंटीचा पिवळा बुलडोझर आला.
चालक पोरगेलासा, हातात कागद:
किनाऱ्यावरील कचरा हटविणे.
कचरा म्हणजे भरतीनं आणून टाकलेली
खाडीतल्या गवताची काडी, शेवाळ, शिंपले,
एका बदकाचं पीस,
आणि आडवं पडलेलं डेल्माच्या स्वयंपाकघराचं जाळीचं दार.
तिनं त्या ओळीवर घडीची खुर्ची मांडली
आणि बसली.
पोरा, हे विरजण आहे, ती म्हणाली,
तू विरजण उचलून नेलंस
तर लागणार कशाला?
त्यानं तासभर वाट बघितली,
तिच्याकडची कॉफी प्यायला,
आणि फाटकाजवळचे खिळे तेवढे वेचून नेले.

चोर माल परत करतो तो दिवसाढवळ्या नाही.
फेब्रुवारीपासून लाटा बुटक्या झाल्या,
लांब, आळशी, एकीमागे एक,
आणि प्रत्येकीच्या मुठीत थोडी थोडी वाळू.
दांडा सरकत सरकत
एप्रिलच्या ओहोटीत काठाला येऊन टेकला.
लुएलानं त्याच्यामागच्या उथळ डबक्यात
पाय बुडवून आकडा ओरडून सांगितला,
दोनदा,
कारण पहिल्यांदा डेल्माला खरा वाटला नाही.

भिजली वाळू येते पाण्यानं,
सुकली की वाऱ्याची होते.
वाऱ्यानं ती उचलली आणि नेऊन ठेवली
काडीच्या मागे, दाराच्या मागे,
मांजराच्या शेपटाएवढी.
काडीत अडकलेल्या बियांतून ओटगवत आलं.
या गवताला गाडलेलं मानवतं:
वाळू गळ्यापर्यंत आली
की ते आणखी एक पेर वर सरकतं,
खाली मुळं सोडतं, पुन्हा वाट बघतं.

आणि जिथून वादळानं सगळंच झाडून नेलं होतं
त्या उघड्या सपाटीवर
छोट्या सुरय पक्ष्यांनी अंडी घातली,
वाळूवर वाळूच्याच रंगाची.
अ‍ॅम्ब्रोजनं तिथे कुंपण घालायचं ठरवलं होतं.
आता चकरा मारतो लांबून,
शिव्या देत, टोपीवर पक्ष्यांची शिट घेऊन.

तिसऱ्या वर्षी टेकडी लुएलाच्या गुडघ्याला लागते.
गुडघाही वर गेलाय, हे धरायला हवं.
दाराची फक्त कडी दिसते.
डेल्माच्या डोळ्यात मोतीबिंदू,
क्षितिज आता लुएला गाठते.

आज रेडिओवर एका नव्या वादळाचं नाव आलं,
दक्षिणेला, अजून खूप लांब.
सामान बांधायच्या आधी दोघी काठ्या घेऊन उतरल्या.
लिहून ठेव, डेल्मा म्हणते,
परत मागायचं तर हिशेब हवा.

लुएलानं पेन्सिल जिभेला लावली.
सतरा इंच. आणि थोडं.

थोडं पण लिही.